विटाळ शिकवला, स्वच्छता राहिली



गणेशचतुर्थीची तयारी, मराठी वर्गांतील मुलांची घटती संख्या, भजनमंडळींचे कार्यक्रम या विषयांवर आपण नेहमी वाचतो, बोलतो आणि वादही घालतो. आज मी जो विषय घेणार आहे तो आपल्या प्रत्येक घरात दर महिन्याला येतो, परंतु त्याचे नाव कोणी मोठ्याने घेत नाही. तो विषय म्हणजे स्त्रियांची मासिक पाळी आणि त्या दिवसांतील स्वच्छता. काही वाचकांना वाटेल की हा विषय वर्तमानपत्राचा नव्हे, तो मायलेकींनी स्वयंपाकघरात बोलण्याचा आहे. माझी तक्रार नेमकी तीच आहे. स्वयंपाकघरातही तो बोलला जात नाही.

मी एका सरकारी प्राथमिक शाळेत मराठी शिकवते. मराठीच्या तासाला निरनिराळ्या वर्गांतील मुले माझ्या खोलीत येतात. संख्या थोडी असल्यामुळे ती मुले माझ्याशी घरच्यासारखी बोलतात. काही वर्षांपूर्वी सहाव्या इयत्तेतील एक मुलगी तास संपला तरी बाकावरून उठेना. बाकीची मुले निघून गेली. मी जवळ गेले तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, "मिस, आईला सांगू नका. मी काही केलं नाही."

तिला पहिली पाळी आली होती. सकाळीच आली होती. कोणी काही सांगितलेले नसल्यामुळे तिने शुद्धलेखनाच्या वहीची पाने फाडली, त्यांची घडी केली आणि दुपारपर्यंत तशीच बसून राहिली. शाळेच्या शौचालयात साबण नव्हता, झाकणाची बादली नव्हती आणि दाराची कडी मोडलेली होती. मी तिला पॅड दिले, ते कसे लावायचे ते सांगितले, आणि तिच्या आईला फोन केला.

आई धावत आली. ती प्रेमळ बाई, मुलीच्या शिक्षणासाठी जिवापाड झटणारी. मला म्हणाली, "मी सांगणारच होते हो मिस, सुटीत सांगायचं ठरवलं होतं." मग थोडे थांबून तिने विचारले, "उद्या आमच्या घरी पूजा आहे. हिला आता कुठं बसवू?"

मुलीने दिवसभर काय वापरले, तिच्या पोटात दुखते का, ती घाबरली आहे का, हे प्रश्न नंतर आले. पहिला प्रश्न आला तो कुठे बसवायचे हा. मी त्या माउलीला दोष देत नाही. तिच्या आईने तिला जे शिकवले तेच तिला आठवले. आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलींना विटाळ शिकवला. स्वच्छता शिकवायची राहून गेली.

माझे स्वतःचेच सांगते. माझी आजी कास्कावेलची. आजोबा-आजी दोघेही उसाच्या कामावर जात. मला पहिली पाळी आली तेव्हा मी सुटीसाठी आजीकडे होते. आजीने मला जवळ बसवून नियम सांगितले. देवघरात जायचे नाही. तुळशीला पाणी घालायचे नाही. अचाराच्या बरणीला हात लावायचा नाही. चार दिवस डोक्यावरून नाहायचे नाही. पुरुषमाणसांसमोर बोलायचे नाही. मी मोजले नाहीत, पण नियम पुष्कळ होते आणि एकूण एक नियम 'नाही'ने संपणारे होते. कपडा किती वेळाने बदलायचा, कसा धुवायचा, हात केव्हा धुवायचे, याविषयी एकही नियम नव्हता. म्हणजे माझ्या स्पर्शापासून अचार कसा वाचवायचा हे ठरलेले होते, माझी प्रकृती कशी वाचवायची हे कोणी ठरवलेले नव्हते.

आजीचे कपडे मी पाहिले होते. जुन्या लुगड्याचे मऊ, चौकोनी तुकडे. पहाटे कोणी उठायच्या आत ती ते धुवायची आणि न्हाणीमागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, तरटाखाली वाळत घालायची. कास्कावेल म्हणजे पश्चिमेकडचा कोरडा मुलूख. तिथले ऊन अंगणातल्या दगडाला चटका देते. घरातले सगळे कपडे दोन तासांत कडकडीत वाळायचे. फक्त तेवढे तुकडे दिवसभर ओलसर राहायचे, कारण त्यांच्यावर कोणाची नजर पडता कामा नये. ऊन फुकट होते, भरपूर होते, अंगणातच होते. लाज आडवी आली. आजीला आयुष्यभर खाजेचा आणि लघवीच्या जळजळीचा त्रास होता. तिच्या प्रत्येक दुखण्याचे कारण तेच होते असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. परंतु ओलावा म्हणजे जंतूंचे माहेर, एवढे तर आज शाळेतले मूलही जाणते.

आता शब्दांकडे पाहू, कारण मी भाषेची शिक्षिका आहे. कोकणातून आपल्या पूर्वजांनी या बेटावर जे शब्द आणले त्यांत एक शब्दप्रयोग होता: 'कावळा शिवला.' आजी तोच वापरायची. मी लहानपणी फार विचार करायची की कास्कावेलमध्ये एकही कावळा दिसत नाही, मग हा शिवतो कोणता? पुढे माध्यमिक शाळेत फ्रेंच शब्द कानांवर आला, 'अँदिस्पोझे', म्हणजे प्रकृती बरी नसलेली. एका भाषेत पक्षी, दुसऱ्या भाषेत आजार. खरे पाहता मराठीत किती साधा आणि चांगला शब्द आहे: पाळी. पाळी म्हणजे क्रम, आपली वेळ. पाण्याची पाळी, कामाची पाळी, तशी ही शरीराची पाळी. त्यात पाप नाही आणि रोगही नाही. आणि मराठीत हे विषय बोलता येत नाहीत असे कोणी म्हणू नये. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे 'समाजस्वास्थ्य' हे मासिक मराठीतच चालवले आणि शरीराविषयी स्पष्ट लिहिले. आपली भाषा मुकी नाही. आपण तिला गप्प बसवतो.

कोणी म्हणेल, एवढे काय त्यात? आपल्या आज्या-पणज्या जगल्याच ना? जगल्या, पण कशा जगल्या ते विचारा. उसाच्या शेतात दिवसभर आडोसा नाही, पाणी नाही. कमरेला गोणी बांधून सकाळपासून दुपारपर्यंत एकाच कपड्यावर काम. माझी आजी सांगायची की घरी येईपर्यंत मांड्या सोलून निघत. या गोष्टी आपल्या बेटावर जुन्या झाल्या. ज्या प्रांतातून आपले पूर्वज आले त्या महाराष्ट्रात मात्र ऊस तोडणाऱ्या बायकांच्या वाट्याला आजच्या काळातही काय येते ते ऐका. २०१९ साली महाराष्ट्रात नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची स्थिती तपासली. सुमारे ८२ हजार स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढून टाकलेले आढळले. तिथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. एकाचा खाडा झाला तर मुकादम दंड कापतो. फडावर राहायला पालाची झोपडी, ना न्हाणी ना शौचालय. मग अंगावरून जाते, संसर्ग होतो, दुखणे वाढते. डॉक्टर म्हणतात पिशवी काढा, आणि बाईलाही वाटते की पाळीच गेली तर खाडा तरी चुकेल. भगिनींनो, ऊस तोच आहे. आपल्या पणज्या जहाजात चढल्या म्हणून आपण इकडे आहोत, नाही तर त्या पाहणीत आपलेही नाव असते. पाणी, आडोसा आणि मोकळेपणाने सांगण्याची सोय या तीन गोष्टी नसल्या की प्रकरण कुठपर्यंत जाते, हे त्यावरून समजावे.

आता प्रत्यक्ष काय करावे ते थोडक्यात पण स्पष्ट सांगते. ही माहिती कापून ठेवली तरी चालेल.

मुलीला पाळी साधारणपणे अकराव्या ते चौदाव्या वर्षी येते, काहींना नवव्या-दहाव्या वर्षीही येते. म्हणून तिला नववे वर्ष लागले की सांगून टाका. पहिली एक-दोन वर्षे पाळी मागेपुढे होते, त्याला घाबरू नये. मोठेपणी दोन पाळ्यांत २१ ते ३५ दिवसांचे अंतर आणि दोन ते सात दिवस रक्तस्राव हे सर्वसाधारण आहे. सगळे मिळून जाते ते रक्त बहुधा ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. पाहणाऱ्याला ते फार वाटते, पण तेवढेच असते. मात्र तासा-दीड तासाला पॅड भिजत असेल, सात दिवसांहून अधिक जात असेल, किंवा दुखण्यामुळे दर महिन्याला शाळा बुडत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. "लग्न झालं की बरं वाटेल" हे औषध नव्हे.

पॅड असो की कपडा, चार ते सहा तासांनी बदलावा, स्राव कमी असला तरीही. बदलण्यापूर्वी आणि बदलल्यानंतर साबणाने हात धुवावेत. रोज स्नान करावे, डोक्यावरूनही खुशाल करावे. त्याने काही बिघडत नाही, उलट कोमट पाण्याने पोटदुखीला आराम पडतो. अंग बाहेरून साध्या पाण्याने, पुढून मागे असे धुवावे. आत साबण, सुगंधी द्रव्य किंवा पाण्याचा फवारा मुळीच घालू नये. शरीर आतली सफाई स्वतः करते, आपण त्यात ढवळाढवळ केली की संसर्ग होतो. टँपॉन वापरणाऱ्या मुलींनी तो आठ तासांपेक्षा जास्त ठेवू नये. १९८० साली अमेरिकेत फार शोषून घेणाऱ्या टँपॉनमुळे तरुण स्त्रिया गंभीर आजारी पडल्या, काही दगावल्या, तेव्हापासून ही सूचना दिली जाते.

कपडा वापरायचा असेल तर तो सुती हवा. आधी थंड पाण्यात धुवावा, कारण गरम पाण्याने डाग पक्का होतो. मग साबण लावून, स्वच्छ पाण्यात खळबळून, उघड्या उन्हात वाळवावा. मी आता व्हाक्वाला राहते. इथे पाऊस आणि धुके यांची कमतरता नाही, कित्येकदा आठवडाभर कपडे वाळत नाहीत. अशा वेळी गरम इस्त्री फिरवून कपडा पूर्ण कोरडा करावा आणि कोरड्या पिशवीत ठेवावा. ओलसर कपडा पुन्हा वापरू नये, ही गोष्ट मी हजार वेळा सांगेन.

वापरलेले पॅड कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावे. शौचकूपात टाकू नये. आपल्याकडे बऱ्याच घरांना स्वतःची फोस असते. ती तुंबली म्हणजे काय होते ते घरोघरच्या पुरुषांना चांगले ठाऊक आहे. अंगणात जाळूही नये, कारण त्यात प्लास्टिक असते. शिवाय ते शेवटी जाते कुठे? या बेटाची कचरा पुरण्याची एकच जागा आहे, मार शिकोज, १९९७ पासून भरत आलेली. आपण २०१६ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, आता याचाही विचार व्हावा. धुऊन वापरता येणारी कापडी पॅड मिळतात. सिलिकोनचा कप मिळतो. तो बारा तासांच्या आत रिकामा करून धुवायचा आणि पाळी संपल्यावर उकळून ठेवायचा असतो. पुष्कळांना वाटते कपडा म्हणजे मागासलेपण. तसे नाही. आजीचा कपडा वाईट नव्हता, तो लपवणे वाईट होते. तोच कपडा उन्हात वाळला असता तर दुकानातल्या पॅडइतकाच चांगला होता.

आहाराकडेही लक्ष हवे. दर महिन्याला रक्त जाते, त्यातून लोह जाते. मसूर, हिरव्या पालेभाज्या, आपली ब्रेद मुरूम म्हणजे शेवग्याचा पाला, हे मुलींच्या ताटात नेमाने असावे. वर लिंबू पिळावे म्हणजे लोह अंगी लागते, आणि चहा जेवणाबरोबर घेऊ नये.

आता आपल्या शाळांविषयी. १९७७ पासून आपल्या बेटावर माध्यमिक शिक्षण मोफत झाले. २००५ पासून विद्यार्थ्यांचा बसप्रवासही मोफत झाला. माझ्या आईला जी शाळा सहावीनंतर सोडावी लागली, त्याच्या पुढची वाट सरकारने तिच्या लेकींसाठी मोकळी केली. इतके मोठे दार उघडले आणि मुलगी अडते कुठे, तर शौचालयाच्या मोडलेल्या कडीपाशी! साबण, पाणी, झाकणाची बादली, दाराला कडी आणि मिसच्या कपाटात चार पॅड, याला किती पैसा लागतो? पालकसभेत आपण परीक्षेच्या गुणांविषयी तासभर बोलतो. पुढच्या सभेत पाच मिनिटे शौचालयाविषयी बोला. मी शिक्षिका असूनही विनंती करते, आम्हांला जाब विचारा.

बंधूंनाही दोन शब्द. मुलीसाठी बुतिकमधून पॅड आणायला लाजू नका. दुकानदाराने ते वर्तमानपत्रात गुंडाळून दिले तर म्हणावे, "राहू द्या, पाव काही गुंडाळून देत नाही ना." बाप सहजपणे पॅड आणतो, हे पाहणारी मुलगी पुढे दुखणे लपवत नाही. आणि मुलग्यांनाही सांगा. वर्गात एखाद्या मुलीच्या फ्रॉकवर डाग दिसला की हसणारा मुलगा कोणाच्या तरी घरातलाच असतो.

राहता राहिला प्रश्न तो देवाचा. मला ठाऊक आहे की इथे वडीलधाऱ्यांचे मन दुखावते. काही जण म्हणतात की बाजूला बसण्यामुळे बाईला चार दिवस विसावा मिळे. विसावा मिळत असेल तर तो अवश्य द्या, त्यासाठी तिला अस्पृश्य करण्याची गरज नाही. भांडी नवऱ्याने घासली तरी विसावा मिळतो. ज्यांना देवघराचा नियम पाळायचा आहे त्यांनी पाळावा, मी कोणाच्या घरात शिरत नाही. माझी मागणी एवढीच आहे की त्या नियमामुळे मुलीला स्नान, ऊन, पाणी आणि आईची कुशी नाकारली जाऊ नये.

माझ्या घरचे सांगून संपवते. तीन वर्षांपूर्वी गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी माझ्या मुलीला पाळी आली. मोदकाचे पीठ ती दरवर्षी मळते. ती दाराशीच उभी राहून आजीकडे पाहू लागली. माझ्या सासूबाई सत्तरीच्या पुढच्या, सोवळे-ओवळे पाळणाऱ्या. मी काही बोलले नाही. सासूबाईंनी तिला विचारले, "पोटात दुखतंय का गं?" ती म्हणाली, "थोडं." सासूबाई म्हणाल्या, "मग आज पीठ मी मळते, तू बसून सारण भर." एवढेच. कोणी वाद घातला नाही, कोणी सुधारणेचे भाषण केले नाही. त्या वर्षीचे मोदक इतर वर्षांसारखेच झाले.

दुखतंय का, हा पहिला प्रश्न. कुठे बसवू, हा नव्हे. आपल्या घरात नऊ-दहा वर्षांची लेक, नात किंवा भाची असेल तर या रविवारी तिला जवळ बसवा आणि सांगा. सुटीची वाट पाहू नका. त्या मुलीच्या आईनेही सुटीतच सांगायचे ठरवले होते.